एक प्रवास, तीन तिकिटं

[दृश्य: वाळपई बसस्टँड, सकाळ. खाजगी बसच्या दारात कंडक्टर.]

ह्या कंडक्टरच्या हाताकडे बघा. दहाच्या नोटा उभ्या दुमडून एका बोटात, वीसच्या दुसऱ्या बोटात, मुठीत नाणी, आणि एवढ्या गर्दीत कोण कुठं चढलं आणि कोण कुठं उतरणार हा सगळा हिशोब डोक्यात. तिकीट बहुतेक वेळा हातात पडतच नाही, पैसे दिले, गावाचं नाव सांगितलं, झालं. गोव्याच्या गावागावांतली वाहतूक वर्षानुवर्षं ह्याच लोकांनी चालू ठेवलीय, जिथं सरकारी बस दिवसातनं एकदा येते तिथं हे लोक दहा फेऱ्या मारतात, हे आधी सांगायला पाहिजे.

आता खिडकीजवळ बसलेल्या मावशी बघा. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाईल आणि एक्स-रे. त्यांना जायचंय गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात. गावातनं वाळपई एक बस, वाळपईहून पणजी दुसरी, पणजी स्टँडवर उतरून बांबोळीची तिसरी. तीनदा चढायचं, तीनदा पैसे द्यायचे आणि संध्याकाळी परत तेच.

लोक म्हणतात अंतर जास्त म्हणून पैसे जास्त. तेवढंच नाहीये. आपल्याकडे बसभाडं सरकार ठरवतं, पहिल्या काही किलोमीटरला एक किमान भाडं आणि पुढं किलोमीटरप्रमाणे वाढत जातं. थेट एकाच बसनं गेलात तर किमान भाडं एकदाच लागतं, पण बस बदलली की ते परत पहिल्यापासून लागतं. म्हणजे ज्याच्या गावाला थेट बस आहे तो स्वस्तात जातो आणि ज्याच्या गावाला नाही, जो आधीच स्टँडवर अर्धा तास ताटकळलाय, त्याच्याकडनंच आपण जास्त पैसे घेतो. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण ह्या तालुक्यांच्या आतल्या भागातले लोक हे रोज भरतायत आणि कुणी त्याला अन्याय म्हणतसुद्धा नाही.

[दृश्य: जुने गोवे. फेरीबोट धक्क्याला लागते, दुचाकी बाहेर पडतात.]

जुन्या गोव्याला या. इथं दिवाडी बेटाची फेरीबोट लागते, ती सरकारच्या नदी परिवहन खात्याची. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, अगदी फुकट, ही गोव्यानं जपलेली फार चांगली गोष्ट आहे. धक्क्यावरनं वर आलं की हमरस्त्यावर पणजी-फोंड्याच्या बसेस, काही कदंबच्या, म्हणजे सरकारी महामंडळाच्या, काही खाजगी. आणि तिथनं जवळच करमळीचं कोकण रेल्वेचं स्टेशन. बोट, बस, रेल्वे, तिन्ही एवढ्याशा परिसरात. पण बोट धक्क्याला लागायची आणि बस सुटायची वेळ कुणी जुळवलेली नाही, करमळीला गाडीतनं उतरलेल्या माणसाला पणजीची बस कुठं आणि कधी मिळेल हे सांगणारा एक बोर्ड मिळणं कठीण, मग तो गपगुमान टॅक्सी करतो. नदी परिवहन खातं वेगळं, कदंब महामंडळ वेगळं, कोकण रेल्वे वेगळी, आणि मडगावहून वास्को-कुळेकडे जाणारी लाईन परत दक्षिण पश्चिम रेल्वेची. खाजगी बसवाले तर शेकड्यांनी, बहुतेकांची एक-दोन गाड्यांची मालकी.

मग उपाय काय म्हटलं की सगळे सांगतात, कार्ड काढा. कार्ड चांगलंच आहे. २०१९ साली देशभर एकच चालावं म्हणून नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं, दिल्ली, मुंबई, पुण्याच्या मेट्रोत ते चालतं, आणि त्याची शिल्लक चिपवरच असते त्यामुळे नेटवर्क नसलं तरी चालतं, नेत्रावळीसारख्या जंगलातल्या गावात हे फार कामाचं आहे. कदंबच्या बसमध्येही कार्ड, यूपीआय दिसायला लागलंय. पण कार्डानं फक्त सुट्ट्यांची कटकट जाते. तीन बसला तीनदा टॅप केलं तर किमान भाडं तीनदाच कापलं जाणार ना! कार्ड एक होणं आणि भाडं एक होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिल्यालाच दुसरं समजून बसलोय.

भाडं एक कसं होतं त्यासाठी जर्मनीतलं हॅम्बुर्ग बघायला पाहिजे. तेही नदीकाठचं, बंदराचं शहर, बस, रेल्वे, बोट चालवणारे सगळे वेगवेगळे. १९६५ साली ह्या लोकांनी एकत्र येऊन एक मंडळ केलं, वेळापत्रक एकत्र, भाडं एकत्र, तिकीट एक. जमा झालेले पैसे एका गल्ल्यात आणि तिथनं ठरलेल्या हिशोबानं वाटप. आजही तिथं एल्बे नदीतल्या फेरीबोटीत बसचंच तिकीट चालतं. तेव्हा ना मोबाईल होता ना चिपचं कार्ड, सगळं कागदी तिकिटावर केलं. म्हणजे अडचण मशीनची कधीच नव्हती, पैसे वाटून कसे घ्यायचे ह्याची होती.

आणि तीच आपलीही आहे. खाजगी बसवाल्याचं घर रोजच्या गल्ल्यावर चालतं, डिझेल त्यातनंच, क्लीनरचा पगार त्यातनंच, म्हणून तर पुढची बस गाठायला दोघं शर्यत लावतात आणि स्टॉपवर पॅसेंजर भरेपर्यंत थांबून राहतात. त्याला उद्या सांगितलं की मागच्या बसचं तिकीट असलेल्याला सवलत दे, तर तो का देईल? त्याचा तोटा कोण भरणार हे आधी सांगावं लागेल. सरकारच्या ‘म्हजी बस’ योजनेत ह्याचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं, खाजगी बस कदंबच्या खाली चालते आणि मालकाला किलोमीटरमागे पैसे मिळतात. एकदा किलोमीटरचे पैसे ठरले की पॅसेंजर कुठल्या बसमधनं आला ह्याच्याशी त्याचं भांडण उरत नाही.

[दृश्य: पणजी कदंब स्टँड, मडगाव शटलची खिडकी, रांग.]

१९८० साली कदंब महामंडळ उभं राहिलं, तरी लोकांचा भरवसा स्वतःच्या गाडीवरच. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि आज नोंद झालेल्या गाड्या त्याच्याही पुढं गेल्यात. घरोघरी स्कूटर आहेत कारण रात्री आठनंतर बस मिळेल ह्याची कुणाला खात्री नाही.

सगळं एकदम होणार नाही, रेल्वे तर केंद्राची, तिला वेळ लागेल. पण कदंबपासून सुरुवात करायला कोण अडवतंय? कदंबमधनं उतरून दीड तासाच्या आत दुसऱ्या कदंबमध्ये चढलं तर किमान भाडं परत लावायचं नाही. गल्ला एकाच महामंडळाचा, वाटपाचा प्रश्नच नाही. मशीनमधनं निघणाऱ्या तिकिटावर वेळ छापलेली असते, कंडक्टरनं ती बघायची. आधी गोमेकॉकडे जाणाऱ्या मार्गांवर करा, सहा महिने हिशोब ठेवा, मग ‘म्हजी बस’च्या गाड्या जोडा. महामंडळाचं जे उत्पन्न घटेल ते सरकारनं भरून द्यावं, विद्यार्थ्यांच्या पासाला सवलत देतोच की आपण, मग पेशंटच्या दुसऱ्या बसला का नको?