देठाला पडलेला पीळ

(दृश्य: दुर्बिणीतून दिसणारं आतडं)

हे मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर. ओलं, गुलाबी, चकाकणारं. कॅमेरा वळणं घेत डाव्या बाजूच्या अरुंद भागात येतो आणि थांबतो. या भागाला सिग्मॉइड म्हणतात. समोर बघा, देठावर लोंबणारी काळपट तांबडी गाठ. हा पॉलिप.

तारेचा फास देठावर चढतो, आवळतो, विजेने देठ कापला जातो. या अस्तराला कापल्याचं दुखत नाही. पॉलिप काढणं योग्यच होतं, कारण अशा गाठींपैकी काहींचा पुढे काही वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. पण आज ही गाठ काय आहे, ते ठरतं पॅथॉलॉजीच्या खोलीत, म्हणजे जिथे काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे.

(दृश्य: प्रयोगशाळा, हातांचं क्लोजअप)

फॉर्मॅलिन या टिकवून ठेवणाऱ्या द्रावात मुरून गाठ घट्ट झाली आहे. हे हात तिला देठासकट उभी चिरतात, सुरी नेमकी देठाच्या मधून जाईल अशी. चीर तिरकी गेली, तर देठ आणि गाठ यांचं नातं स्लाइडवर दिसतच नाही आणि मग वाचणारा चाचपडत राहतो. पुढे तुकडा मेणात बसतो, मायक्रोटोम या काप काढणाऱ्या यंत्राच्या पात्याखाली जातो. एकेक काप तीन ते पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचा. कोमट पाण्यावर तरंगणारी ही मेणाची फीत काचेवर अलगद उचलून घ्यावी लागते. मग रंग: पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून)

आता जपून बघायचं. वरच्या थरात ग्रंथी आहेत, ती त्यांची जागाच. त्यांच्या खाली स्नायूची ही बारीक गुलाबी रेघ. आणि रेघेच्याही खाली, जिथे असू नयेत तिथे, पुन्हा ग्रंथी. कर्करोग असाच रेघ ओलांडून खाली उतरतो. पण नजर फसते ती इथेच.

सिग्मॉइडचे स्नायू दांडगे. मळ पुढे ढकलताना ते पॉलिपलाही ओढतात. देठाला पीळ पडतो, आत रक्तस्राव होतो आणि वरच्या ग्रंथी खाली रेटल्या जातात. त्या स्वतःहून घुसलेल्या नसतात.

खुणा मागे राहतात. रेटल्या गेलेल्या ग्रंथी आपलं मऊ अंथरूण सोबत घेऊन येतात, हा भोवतीचा सैल पेशींचा वेढा बघा. त्यांच्या कडा गोलसर, रूप वरच्या ग्रंथींसारखंच. आणि हे सोनेरी-तपकिरी कण म्हणजे जुन्या रक्तातलं लोह. प्रशियन ब्लूचा रंग दिला की ते असे निळे होतात. कर्करोगाच्या ग्रंथी बहुधा वेड्यावाकड्या, फाटक्या कडांच्या, राठ तंतूंमध्ये अडकलेल्या असतात. मात्र दोन्ही एकाच गाठीत असू शकतात आणि काही स्लाइडवर मुरलेल्या तज्ज्ञांचंही एकमत होत नाही.

इंग्लंडमध्ये २००६ साली आतड्याच्या कर्करोगाची राष्ट्रीय चाळणी तपासणी (स्क्रीनिंग) सुरू झाली. सुरुवात मळातलं न दिसणारं रक्त शोधण्यापासून व्हायची. रक्त गळतं ते बऱ्याचदा मोठ्या, पिळल्या गेलेल्या पॉलिपमधून. म्हणजे नेमक्या याच फसव्या गाठी तिथल्या पॅथॉलॉजिस्टांसमोर येऊ लागल्या. शेवटी अवघड स्लाइडसाठी तीन तज्ज्ञांचं मंडळ नेमावं लागलं. एकट्याच्या नजरेवर सोडू नये, असंच हे काम आहे.

निदान चुकून कर्करोगाकडे झुकलं, तर कधी गरज नसताना आतड्याचा भाग कापला जातो.

(दृश्य: पुन्हा मायक्रोटोम)

या गाठीवर अजून सही झालेली नाही. मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, परत यंत्रावर चढलाय, आणखी खोलवरचे काप निघतायत. ते दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जातील. पहिल्यांनी आपलं मत अजून त्यांना सांगितलेलं नाही.