हिरोचं नाव नको, अंक शोधा!

कमेंटमध्ये परत तेच: "दादा, हा १९४० चा सुपरहिरो कुणाला आठवतही नाही, आमच्या कॉमिकमध्ये घेऊ का?" आठवत नाही म्हणून कुणी फुकट होत नाही हो.

नियम पटकन सांगतो. अमेरिकेत १९६४ च्या आधी छापलेल्या अंकाला २८ वर्षांचा कॉपीराइट. अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण झालं नाही, तर अंक मोकळा, म्हणजे कुणीही वापरावा. हे अमेरिकेपुरतंच; भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ते वेगळं तपासा.

आता खरी गडबड. लोक अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या नूतनीकरणाच्या याद्यांत हिरोचं नाव शोधतात, सापडत नाही, खूश! अहो, नोंद मासिकाच्या नावाने असते. नियतकालिकांच्या भागात 'सिल्व्हर स्ट्रीक कॉमिक्स', अंक ६ असं शोधा. मुखपृष्ठावर सप्टेंबर १९४०, त्याचं अठ्ठाविसावं वर्ष १९६७ आणि १९६८ मध्ये येतं, म्हणून दोन्ही सालं चाळा. जानेवारीचा अंक असेल तर आणखी एक वर्ष मागे जा. कारण मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या पुढचा टाकायचे.

या सहाव्या अंकात आहे डेअरडेव्हिल. मार्व्हलचा नव्हे! हा लेव्ह ग्लीसन या प्रकाशकाकडचा, बूमरँग फेकणारा. आता अंक मोकळा निघाला तरी मुखपृष्ठावर 'डेअरडेव्हिल' छापू नका. मार्व्हलने १९६४ मध्ये त्याच नावाचा हिरो आणला, आणि ट्रेडमार्कला, म्हणजे व्यापारी नावावरच्या हक्काला, २८ वर्षांचा हिशोब लागू नाही. डायनामाइट या प्रकाशन कंपनीने जुन्याला परत आणलं ते 'डेथ-डिफाइंग डेव्हिल' म्हणून. अंक मोकळा, नाव नाही.

आणि तिसरी गोष्ट: अंक उघडून वाचा! चित्रकार चू हिंगचा हिरो ग्रीन टर्टल घ्या, 'ब्लेझिंग कॉमिक्स', १९४४. चीनमध्ये जपानी सैन्याशी लढतो, पण चेहरा दिसत नाही. कधी पाठ, कधी आडवा हात, कधी पाठीवरचं ते कासवाचं वस्त्र. त्याचा साथीदार बर्मा बॉय त्याला पूर्वायुष्य विचारतो, तेवढ्यात काहीतरी घडतं आणि उत्तर राहतं. नेटवर मात्र त्याचं नाव, आई, लहानपण, सगळं सापडतं. ते जीन ल्युएन यांग आणि सनी ल्यू यांनी २०१४ च्या 'द शॅडो हिरो'मध्ये रचलंय. त्याला हात लावू नका. १९४४ च्या पानांवर आहे तेवढंच घ्या. चेहरा कसा काढायचा ते तुमचं तुम्ही बघा.