हौद्याखालची गाडी

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर नाशिक जिल्ह्यातील शेतीचा भार कोण वाहते हे डोळ्यांना दिसते. ट्रॅक्टर-ट्रॉली आहेतच, पण त्यांच्या मधून वाट काढत जाणाऱ्या, क्रेटच्या थप्प्यांवर दोर आवळलेल्या पांढऱ्या पिकअप नजरेत भरतात. यांतल्या कित्येक गाड्या आजच्या मालकाने नव्या घेतलेल्या नाहीत. आधी त्यांनी कोणाची तरी वीट वाहिली, कोणाचे सिमेंट, कोणाची मासळी, आणि मग त्या शेतात आल्या.

निफाड तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याला अशीच एक जुनी पिकअप घ्यायची आहे, आणि त्याच्या या शोधाचे आम्ही चित्रीकरण केले. आजवर त्याचा माल भाड्याच्या गाडीने बाजारात जात असे. आवक वाढली की भाडे वाढते, आणि ठरवलेली गाडी ऐन वेळी दुसरीकडे वळली, तर पहाटे तोडलेला माल दुपारपर्यंत बांधावरच तापत राहतो. नव्या गाडीचा हप्ता त्याच्या चार एकरांना पेलणारा नाही. त्याने सव्वाचार लाखांचा हिशेब बांधला आहे आणि गावातल्या ओळखीच्या मिस्त्रींना सोबत घेतले आहे.

गाडी पाहायला निघण्याआधी चहाच्या टपरीवर गाड्यांची चर्चा होतेच. प्रत्येकाची एक गाडी ठरलेली असते आणि तिच्याबद्दल तो पोटतिडकीने बोलतो. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात १९८८ साली आलेल्या टाटा मोबाईलची आणि तिच्या मागून आलेल्या २०७ ची आठवण असते. २००५ मध्ये टाटा एस आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी पोहोचली. तिचे दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे इंजिन गल्लीबोळातल्या फेऱ्यांना पुरेसे होते, मात्र भरल्या गाडीने कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात जायचे असेल, तर शेतकरी मोठी पिकअप शोधतो. बोलेरो जीप नाशिकच्या कारखान्यात तयार होत असल्यामुळे या भागात त्या नावाविषयी एक घरोबा आहे. शिवाय प्रश्न असतो धुराच्या मानकाचा, बीएस-४ की बीएस-६. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. या गाड्यांचा धूर कमी झाला ही निःसंशय चांगली गोष्ट आहे, पण त्या फिल्टरची आणि सेन्सरची दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्ये सहज होत नाही, म्हणून मिस्त्री तरुणाला २०१८ ची, म्हणजे बीएस-४ गाडी पाहण्याचा सल्ला देतात.

पहिली गाडी एका दलालाच्या मोकळ्या जागेत उभी आहे. नवा रंग, नवी सीट कव्हरे, आरशाला लटकवलेले गोंडे. तरुणाचा चेहरा खुलतो.

“मिस्त्री, गाडी तर एकदम चकाचक आहे.”

“भाऊ, रंग काय, चार दिवसांत होतो. आधी बॉनेटला हात लावा.”

बॉनेट गरम आहे. म्हणजे गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलेले आहे. थंड इंजिन पहिल्या चावीला कसे उचलते, सुरू होताना किती धूर टाकते, हे जुन्या डिझेल गाडीच्या तब्येतीचे पहिले लक्षण असते आणि तेच येथे झाकलेले आहे. मिस्त्री गाडी बंद करायला लावतात, तासभर थांबतात आणि मग पुन्हा चावी फिरवायला सांगतात. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. काळा असेल तर डिझेल पूर्ण जळत नाही, आणि त्यात दोष इंजेक्टरचा किंवा एअर फिल्टरचा असू शकतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी लागते. इंजिन चालू असताना ते ऑइल भरण्याचे झाकण काढतात आणि तोंडावर तळहात धरतात. आतून वाफेचे जोरदार फुत्कार येऊ लागले, तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत आणि इंजिनचे मोठे काम लवकरच निघणार आहे, असे ते मानतात.

या गाडीचे इंजिन परीक्षेत उतरते. खरी परीक्षा खाली आहे.

मिस्त्री जमिनीवर पोते अंथरून हौद्याखाली सरकतात आणि बॅटरीचा झोत मागच्या पाट्यांवर, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर टाकतात. पाटे मोजले जातात. एक पाटा बाकीच्यांपेक्षा जाड आहे, त्याचा गंज वेगळ्या रंगाचा आहे आणि त्याला आवळणारे यू-बोल्टही नवे आहेत. कंपनीने बसवलेल्या पाट्यांमध्ये कोणीतरी एक जादा पाटा घातला आहे. तो घातल्याने गाडीची मागची बाजू बसत नाही, पण जादा वजन जाते कुठे? ते चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एक्सलवर आणि ब्रेकवर जाते. झोत पुढे सरकतो. पाट्यांना धरून ठेवणारा हँगर चासीला जेथे जोडलेला आहे, तेथे वीतभर लांबीचा काळा रंग ताजा दिसतो. मिस्त्री नखाने तो खरवडतात. रंगाखाली वेल्डिंगची ओबडधोबड शिवण लागते. गाडी किती चालली हे सांगणारे मीटर मागे फिरवता येते, पण तडकलेली चासी पूर्ववत होत नाही. मिस्त्री बाहेर येतात, हात पुसतात आणि दलालाला फक्त एवढेच म्हणतात, “ही नको.” वर्षानुवर्षे गाड्यांखाली झोपून कमावलेल्या या नजरेला आपल्याकडे पुरेसा मान मिळत नाही, असे आम्हाला हे चित्रीकरण करताना वारंवार वाटले.

दुसरी गाडी मालकाच्या दारातच भेटते. हौद्याचा पत्रा चेपलेला आहे, फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, एक कडी तारेने बांधलेली आहे, रंग उडालेला आहे. मिस्त्री मात्र हौद्याचे कोपरे निरखून पाहतात. मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचे खारट पाणी सांध्यांत मुरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. येथे तसे काही नाही. पाटे मूळचे आहेत, चासी सरळ आहे. टायरची झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे. रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन सोडल्यावर मागच्या एक्सलच्या हौसिंगमधून हलकी किणकिण ऐकू येते, आणि तेवढ्यासाठी वीस हजार कमी करून घेतले जातात.

यानंतर कागद. येथे घाई करणारे अनेक जण पुढे पस्तावतात, म्हणून या भागावर आम्ही अधिक वेळ देत आहोत. चासीवर कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून मिस्त्री पेन्सिल आडवी घासतात. काळसर पृष्ठभागातून एकेक पांढरा अंक उमटत जातो, आणि तो ठसा आरसी बुकाशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी जुळवला जातो. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. कर्ज फिटले असले, तरी कंपनीचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ दिल्याशिवाय तो बोजा उतरत नाही. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० लागतात. फिटनेसची मुदत पाहावी लागते, कारण मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वाहतुकीचा परवाना (परमिट) लागत नाही. थकलेले ई-चलन गाडीच्या क्रमांकावरच राहते, तेही आधी फेडून घ्यावे.

नाव लावण्याचे काम विकणाऱ्यासाठीही तितकेच गंभीर आहे. अपघाताच्या वेळी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक ठरतो आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. तरुणाच्या वडिलांनी खिशातून इसाराचे पैसे काढले, तेव्हा त्याने आधी कोऱ्या कागदावर व्यवहाराची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

शेवटी मिस्त्री त्याला आरसीवरचे दोन आकडे दाखवतात. एकूण वजन २,९९० किलो, रिकाम्या गाडीचे १,७४०. उरले १,२५०. त्यातून चालक आणि सोबतचा माणूस यांचे १३० किलो वजा केले, की १,१२० राहतात. भरलेला क्रेट जाळीसकट २२ किलोचा धरला, तर ५० क्रेट बसतात. कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, हे मिस्त्री सांगतात, पण त्यांचे बोट हौद्याखालच्या पाट्यांकडे असते.

नाव लागल्यानंतरच्या पहिल्या खेपेला पहाटे शेतात अठ्ठ्याहत्तर क्रेट भरून तयार आहेत. तरुण हौद्यात उभा राहून मोजत थप्पी रचतो. पन्नासावा क्रेट चढल्यावर तो हात वर करून थांबायला सांगतो, फाळका लावतो, आणि उरलेल्या अठ्ठावीस क्रेटवर ओले गोणपाट टाकून ते दुसऱ्या खेपेसाठी लिंबाच्या सावलीत ठेवले जातात.