पाटीवाल्याची मान

(शाळेचा वर्ग. बाकांवर ड्रॉइंग पेपर, पाण्याचे डबे.)

चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या प्रत्येकाच्या हातात काही माणसं आयती बसलेली असतात. छत्रीवाले एक आजोबा. कडेवर मूल घेतलेली बाई. पाठमोरा उभा मुलगा, कारण चेहरा काढायला नको. आणि डोक्यावर टोपली घेतलेली भाजीवाली. आठवणीतून काढायच्या स्मरणचित्राला ‘बाजार’ येवो, ‘जत्रा’ येवो की ‘बसस्टॉप’, हीच मंडळी जागा बदलून उभी राहतात. ग्रेड मिळते, घरचे पेढे वाटतात. फक्त ते स्मरण बाजाराचं नसतं, क्लासमधल्या फळ्याचं असतं.

ही पाठ झालेली माणसं हातातून घालवायची, तर वही घेऊन बाहेर पडायला हवं.

(मुंबई. क्रॉफर्ड मार्केटचं प्रवेशद्वार.)

हे क्रॉफर्ड मार्केट. कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ सालची इमारत. दारावर दगडात कोरलेले शेतकरी लॉकवुड किपलिंग यांचे. ते जवळच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या स्केचिंगसाठी इथे आणि पलीकडे व्हीटी स्टेशनात येऊन बसल्या. त्या स्टेशनाच्या दगडी कोरीवकामालाही जे. जे.च्याच विद्यार्थ्यांचे हात लागलेत.

कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे.त शिकायला आले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. पोलिस कमिशनर एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या पुस्तकात धुरंधरांची चित्रं आहेत. त्यांच्या चित्रांत लुगड्याची नेसण, पागोट्याची बांधणी, उभं राहायची ढब, सगळं ज्याचं त्याचं वेगळं. एवढं घरबसल्या सुचत नाही. ते पाहावंच लागतं.

(पाटीवाले. गर्दीतून वाट काढणारे पाय.)

आता हा पाटीवाला पाहा. गिऱ्हाइकाचं सामान पाटीत भरून निघालाय. क्लासमधल्या चित्रात टोपली डोक्यावर नुसती टेकलेली असते, वजन नसल्यासारखी. इथे मान ताठ आहे, जराही वळत नाही. बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळतं. एक हात पाटीच्या काठाला. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड आणि भराभर. मानेपासून टाचेपर्यंत एक रेघ ओढा. ती चुकली, तर पाटीतली फळं कितीही छान रंगवा, पाटी पडणार.

तो दिसेनासा होईपर्यंत तुमच्याकडे काही सेकंद असतात. म्हणून आधी ती रेघ, मग पाटी, जमलं तर हात. चेहरा राहिला तर राहू दे.

‘काय काढू, सुचत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी इथे एक सोपी युक्ती आहे. ज्याचं काम फिरून फिरून तेच, त्याच्यासमोर बसा. फळवाला सफरचंद पुसतो, रचतो, पुन्हा पुसतो. चहावाला गाळणं आपटतो. हात परत त्याच जागी येतो, आणि अर्धवट राहिलेलं मनगट तुम्हाला पुन्हा बघायला मिळतं. मॉडेलला पैसे न देता मिळालेली पोझ म्हणा ना! घरी असाल तर पोळ्या लाटणारे हात आहेत, इस्त्री करणारे आहेत.

(वहीची पानं.)

साहित्याचं फार मनावर घेऊ नका. हँडमेड कागदाची महागडी वही बहुतेक वेळा कोरीच राहते, पहिली रेघ मारायची भीती वाटते म्हणून. साधा कार्ट्रिज कागद, एक फोरबी पेन्सिल किंवा बॉलपेन पुरे. बॉलपेन तर उत्तमच, खोडरबराचा प्रश्नच मिटतो. पान फाडू नका. कोपऱ्यात तारीख आणि जागा लिहा.

लोक मागे येऊन उभे राहतात, त्याची सवय होते. कुणी म्हणतं, ‘माझं काढा ना.’ आणि लगेच ताठ उभा राहून कॅमेऱ्यात बघितल्यासारखं बघतो. त्याचंही काढा, पण खरा तो दिसेल पुन्हा कामाला लागल्यावर.

आणि मधेच कुणी उठून गेला, तर पान उलटू नका. त्याच्या जागी येईल त्याचे पाय खाली जोडा. या वहीत असे बरेच जण आहेत. वर टोपी-सदऱ्यातले काका, खाली जीन्स आणि स्पोर्ट्स शूज.