कॅम्पेनसाठी कल्पना कोठे शोधावी: जंजिऱ्याच्या तटाला लावलेली शिडी

नमस्कार मंडळी. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायचा खेळ. त्याचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, पहिल्यांदाच चालवायला घेणाऱ्या गेम मास्टरची, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराची, अडचण बहुधा एकच असते. नियम वाचून झालेले असतात, खेळाडू तयार असतात, फासेही आलेले असतात. पण घडवायचे काय, हेच सुचत नाही. मग आवडत्या कादंबरीचे किंवा मालिकेचे कथानक नावे बदलून वापरण्याचा मोह होतो. माझ्या मते हा मार्ग हमखास फसतो, कारण कथानकात नायकाने काय करायचे ते लेखकाने आधीच ठरवून टाकलेले असते आणि आपल्या टेबलावर तो अधिकार खेळाडूंचा असतो. दुसऱ्याच सेशनला (बैठकीला) एखादा खेळाडू खलनायकाशी हातमिळवणी करतो आणि आपण वहीत लिहून आणलेली पुढची सगळी प्रकरणे वाया जातात. म्हणून गोष्ट शोधण्याऐवजी जिचा निकाल अजून लागलेला नाही अशी परिस्थिती शोधावी.

हा खेळ घडवणाऱ्यांनीही काहीसे असेच केले होते. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधील घुबडाच्या तोंडाचे अस्वल आणि लोखंडाला गंज चढवून ते खाणारा प्राणी, ही दोन्ही सोंगे त्या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून सुचली. त्या खेळण्यांना कोणतीही कथा चिकटलेली नव्हती, त्यामुळे हा प्राणी काय खात असेल आणि कोणाला त्रास देत असेल, हे त्यांना मोकळेपणी ठरवता आले.

आता आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण सविस्तर पाहू. मुरूडजवळचा जंजिरा आपल्यापैकी अनेकांनी राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून पाहिला असेल. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, एवढ्या एका गोष्टीवरच किल्ला वेढ्यात किती काळ तग धरू शकेल हे ठरते. लाय पाटील या कोळी सरदाराची हकिकत याच किल्ल्याची आहे. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली, तेव्हा लाय पाटलांनी रात्रीच्या अंधारात होड्यांतून जाऊन तटाला शिड्या लावल्या आणि मागून येणाऱ्या सैन्याची वाट पाहत ते थांबले. सैन्य वेळेवर पोहोचलेच नाही, उजाडायला लागले आणि त्यांना शिड्या काढून परतावे लागले, असे सांगितले जाते.

गेम मास्टरने ही हकिकत इथेच तोडावी. शिडी तटाला लागलेली आहे, मदत आलेली नाही आणि पहाट जवळ येत आहे, या क्षणी खेळाडूंना होडीत बसवावे. टेबलाच्या मधोमध एक सहाबाजूंचा फासा सहाचा आकडा वर करून ठेवावा आणि खेळाडूंनी वेळखाऊ असे काहीही केले, म्हणजे निरोप पाठवला, वर चढून पाहिले किंवा नुसता वाद घातला, तरी तो एका आकड्याने खाली आणावा. एकाचा आकडाही सरला की उजाडले. समुद्रालाही यात वाटा द्यावा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, तेव्हा आल्या वाटेनेच परत जाता येईल याची खात्री खेळाडूंना देऊ नये. मदत का आली नाही, याचे उत्तर मात्र आधी पक्के करू नये. खेळाडू ज्याच्यावर संशय घेतील त्याच्याभोवती दोन-तीन शक्यता तयार ठेवाव्यात, कारण त्यांचे तर्क बहुतेक वेळा आपल्यापेक्षा सरस निघतात (आणि ते आपलेच होते असे भासवायला कोणी अडवत नाही).

तटाच्या आत काय चालले असेल, यासाठीही इतिहासच उपयोगी पडतो. या मोहिमेच्या काही वर्षे आधी किल्ल्याचा प्रमुख फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या स्वाधीन करण्याच्या विचारात असताना त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी त्याला कैद केले आणि मुघलांचा आश्रय घेतला. मला स्वतःला तटाबाहेरच्या बाजूपेक्षा ही आतली बाजू कॅम्पेनसाठी अधिक कसदार वाटते. मोजकी माणसे, एक बेट, दोन बलाढ्य सत्ता, आणि कोणाशी किती इमान राखायचे याचा रोज नव्याने करावा लागणारा हिशेब. अशा ठिकाणी खेळाडूंना सिद्दी सरदारांच्या भूमिका द्याव्यात. सिद्दींना केवळ राक्षसांच्या जागी उभे करणे हे आळशी काम आहे, शिवाय ज्यांचे वंशज आजही आपल्यात राहतात त्या माणसांवर ते अन्यायकारकही आहे. नावे आणि भूगोल बदलावा, हे मी याचसाठी सुचवतो. अन्यथा प्रत्येक फेकीनंतर टेबलावर इतिहासाचा वाद सुरू होतो आणि खेळ बाजूलाच राहतो.

याच हकिकतीचा आणखी एक धागा बक्षिसाच्या कामी येतो. शिवाजी महाराजांनी लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला, पण दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्यांना ‘पालखी’ नावाचे गलबत बांधून दिले, असे सांगतात. सोन्याची नाणी आणि जादूची तलवार यांपलीकडे ज्या गेम मास्टरला बक्षीस सुचत नाही, त्याने हा प्रसंग जरूर विचारात घ्यावा. गलबत मिळाले की खलाशी लागतात, बंदर लागते, डागडुजीचा खर्च येतो आणि गलबतावर डोळा ठेवणारेही येतात. म्हणजे पुढच्या चार-पाच सेशनची सामग्री खेळाडू स्वतःच ओढून आणतात.

आपल्या गावाबद्दल अशी सामग्री हवी असल्यास जुनी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे ब्रिटिश काळातील जिल्हावार माहितीचे ग्रंथ, चाळावीत. कुलाबा आणि जंजिऱ्यावरचा खंड १८८३ मध्ये निघाला. इतिहासाच्या प्रकरणाआधी त्यातील व्यापाराचे प्रकरण वाचावे, कारण लढायांचा निकाल लागून गेलेला असतो. पण कोणत्या खाडीतून कोणता माल जात होता हे कळले, की तो कोण अडवेल आणि अडला तर कोणाची चूल विझेल, हे आपोआप सुचू लागते. पहिल्या सेशनसाठी एक ठिकाण, परस्परविरोधी इच्छा असलेली तीन माणसे आणि एक मुदत इतकेच कागदावर उतरवावे. शिडीवर पहिला पाय कोण ठेवतो हे कळल्याखेरीज दुसऱ्या सेशनची तयारी सुरू करू नये.