जाळरेषेवरचं मशीन

[दृश्य: संरक्षण कुटीचं, म्हणजे जंगलातल्या पहाऱ्याच्या चौकीचं, अंगण, पेट्रोलचा कॅन, मापाचं भांडं]

वाऱ्याच्या झोतानं पानं उडवणाऱ्या ब्लोअरसाठी एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग झाकण लावून दणकून हलवायचं, आणि शेवटी उरलेलं पेट्रोल. थेट टाकीत कालवून चालत नाही. या इंजिनाला वंगण मिळतं ते याच मिश्रणातून. नुसतं पेट्रोल गेलं, की थोड्याच वेळात पिस्टन अडकून बसतो.

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतला हा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगल पानगळीचं. ऐन, धावडा, तेंदू, मोह, मधूनमधून साग. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम, आणि या चार महिन्यांत कुटीवरची सगळ्यांत जपलेली वस्तू म्हणजे हा पाठीवरचा ब्लोअर.

[दृश्य: जाळरेषा, दुतर्फा झाडं, मध्ये पानांचा थर]

जाळरेषा म्हणजे जंगलात मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा. आग इथवर आली, की तिला पुढे खायला काही मिळू नये. हिवाळ्यात इथलं गवत कापतात, वाळवतात आणि हंगामाच्या आत, माणसं उभी करून, जाळून टाकतात. पण झाडं काही कॅलेंडर बघत नाहीत. रेषा जाळून झाल्यावरही पानं गळतच राहतात आणि मार्चमध्ये तिच्यावर पुन्हा पापडासारखी कुरकुरीत चादर पसरते. पूर्वी ती झाडायला झाडू आणि दाताळं. किलोमीटरच्या किलोमीटर. आता त्याच रेषेवरून ब्लोअर घेतलेला एक माणूस चालत जातो, वाऱ्याकडे पाठ करून, नळी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत. पानं रेषेच्या कडेला ढीग करून ठेवायची नाहीत, आत जंगलात पांगवायची. कडेचा ढीग पेटला, तर त्यातल्या ठिणग्या रेषा ओलांडतात.

[दृश्य: मशीन सुरू करताना हात, जवळून]

स्विच चालू. रबराचा फुगा दाबायचा, पेट्रोल दिसेपर्यंत. चोक, म्हणजे इंजिनाची हवा अडवणारी झडप, बंद. दोरी हळू ओढून जिथे अडते तिथून एक जोराचा हिसका. इंजिन खोकलं, की चोक उघडायचा आणि पुन्हा हिसका. खोकल्यानंतरही चोक बंद ठेवून ओढत राहिलं, तर ठिणगी पाडणारा प्लग पेट्रोलनं भिजतो आणि मशीन हटून बसतं. दोरी हातातून सोडून द्यायची नाही, सोबत परत न्यायची. मग अर्धा-एक मिनिट गरम होऊ द्यायचं. पाठीवर साधारण दहा किलो, कानाशी आवाज इतका, की कानाला संरक्षण लावल्याशिवाय तासभर काम करणं म्हणजे कान गमावणं.

[दृश्य: रात्र, जमिनीलगतची आग, दोन ब्लोअर]

उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो, पण पोहोचायचं पायीच. आगीवर समोरून वारा मारला, तर ती भडकते. म्हणून कडेकडेनं, ज्वाळेच्या बुडाशी, जळून गेलेल्या बाजूकडे ढकलायचं. पुढचा माणूस पानं हटवतो, मागचा उरलेली धग दाबतो, त्यामागे हिरव्या पाल्याच्या डहाळ्या घेतलेले बाकीचे. गुडघ्याएवढ्या ज्वाळेला हे जमतं. उंच वाळल्या गवतातल्या आगीसमोर ब्लोअर घेऊन उभं राहू नये. 2021च्या एप्रिलमध्ये याच प्रकल्पातल्या आगीत तीन हंगामी वनमजूर गेले.

[निवेदन नाही. आगीचा आणि इंजिनाचा आवाज.]

पेट्रोल संपलं, तरी तापलेल्या मशीनमध्ये ते ओतायचं नाही. आगीपासून लांब, साफ केलेल्या जमिनीवर, इंजिन निवल्यावर. घाईच्या वेळी हा नियम पाळणं सोपं नाही, म्हणून दुसरं मशीन हवं. ते दरवेळी असतंच असं नाही.

[दृश्य: सकाळ, उघडलेलं मशीन, वर्तमानपत्रावर मांडलेले भाग]

खरं काम आता. एअर फिल्टर राखेनं काळा. स्पंजचा असेल, तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचा. कागदाचा असेल, तर हलकेच आपटून झटकायचा. प्लग काढून बघायचा: तपकिरी असला, तर ठीक, काळा-ओला असला, तर ऑइल जास्त, चोक अडकलेला किंवा फिल्टर तुंबलेला. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असते. तिच्यावर काजळी बसली, की मशीनचा जोर जातो, आणि मग कुणीतरी वैतागून जाळीच काढून टाकतो. वणवा विझवायच्या यंत्रातून जंगलात ठिणगी पडावी, यासारखी दुसरी थट्टा नाही.

शेवटचं काम जूनमध्ये. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. पावसाळाभर आत राहिलं, तर हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, आतला रबरी पडदा कडक होतो.

मशीन पुसून, झाकून खोलीत जातं. हंगामी मजुराचं कामही तेव्हाच संपतं. चार महिन्यांत इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखू लागलेला हा हात पुढच्या फेब्रुवारीत परत बोलावला जाईलच, अशी कुठलीही सोय नाही. नवा माणूस आला, की त्याला चोक कधी उघडायचा इथपासून सांगायचं.