गावाची कमान, शहराचा टँकर

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला एसटीने निघालात, तर शहर नेमकं कुठे संपलं ते खिडकीतून कळत नाही. इमारती, हार्डवेअरची दुकानं, क्लासच्या पाट्या आणि मधेच एखादी कमान, 'ग्रामपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे'. त्याच कमानीखालून पाण्याचा टँकर सोसायटीकडे वळतो.

केंद्राचं शहरांबद्दलचं धोरण म्हटलं की आपल्याला मेट्रो आठवते, स्मार्ट सिटी आठवते. मला आज या कमानीबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे शहर ठरवायच्या दोन रीती आहेत. एक राज्य सरकारची. अधिसूचना निघाली, नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका झाली, की ते शहर. दुसरी जनगणनेची. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. कारभार मात्र सरपंच आणि ग्रामसेवकाकडेच राहतो.

अट पुरुषांचीच आहे, हे ऐकलंत ना? नवरा एमआयडीसीत आणि बायको खुरपायला, तर घर शहरी बाजूला मोजलं जातं.

अशी 'जनगणना शहरं' २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्याच दहा वर्षांत कायद्याने झालेली शहरं ३,७९९ वरून फक्त ४,०४१ वर गेली. म्हणजे नवी शहरं वाढली ती बहुतेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत. केरळात तर २०११ च्या ५२० शहरांपैकी ४६१ याच जातीची होती.

आता दिल्लीच्या योजना बघा. २०१५ च्या जून महिन्यात एकाच दिवशी स्मार्ट सिटी आणि अमृत, म्हणजे शहरांच्या पाणी-गटाराची योजना, जाहीर झाल्या. एकीत १०० शहरं, दुसरीत ५००. पण या याद्यांत नाव यायचं तर आधी कायद्याने शहर असावं लागतं. आपली कमान तिथेच अडकते. मलवाहिनी नाही, अग्निशमनाची गाडी नाही, बांधकामं मात्र धडाक्यात. २०१६ मध्ये केंद्राने 'रूर्बन' नावाची योजना आणली, गावांचे ३०० समूह निवडून तिथे शहरी सोयी द्यायच्या. त्याच वर्षी जनगणना शहरांना रीतसर नगरपालिकेचा दर्जा द्या, असंही केंद्राने राज्यांना कळवलं. कळवण्यापलीकडे केंद्राच्या हातात फारसं काही नाही, कारण स्थानिक स्वराज्य हा राज्यघटनेत राज्याचा विषय. १९९३ ला लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीत गावाचं शहर होत असलेल्या भागासाठी नगरपंचायतीची सोय आहे. ती कधी करायची, हे राज्यपालांच्या, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारच्या, मर्जीवर.

आणि गावकऱ्यांना तरी कुठे घाई असते? ग्रामपंचायतीची घरपट्टी परवडते. नगरपालिका आली की कर वाढतो, ग्रामीण घरकुल जातं, रोजगार हमीचं काम जातं. सरपंचाचं पद जातं, तेही विसरू नका. नळ आणि गटार यायला पुढे किती वर्षं लागतील, ते कोणीच सांगत नाही. अशा वेळी गावकरी हिशेब घालतो, त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचंच घ्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत पडत होता, तेव्हा ही गावं पुण्याबाहेर होती. २०१७ मध्ये महापालिकेत आली. पाण्याची ओरड चालूच राहिली, मिळकतकराची बिलं मात्र महापालिकेच्या दराने यायला लागली. मग दोन्ही गावं वगळली गेली आणि त्यांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. दहा वर्षांच्या आत तिसरा कारभार! घरं तीच, रस्ता तोच, पावतीवरचं नाव तेवढं बदलत गेलं.

आता नव्या जनगणनेत प्रगणक या कमानीखालून आत येईल. दारात उभ्या असलेल्या बाईला तिचं काम विचारेल, लिहूनही घेईल. आणि व्याख्या तीच राहिली, तर हे गाव की शहर, ते तिच्या नवऱ्याच्या उत्तरावरून ठरेल.

नमस्कार.